सोरेलची भट्टी

भर हिवाळ्यातल्या मेणबत्त्यांच्या सणाला, खालच्या चर्चची दुपारची घंटा व्हायच्या आत, वरच्या सोरेल वाडीतून धूर दिसला पाहिजे. दिसला तर वाडी जिवंत आणि वरचं कुरण वाडीचं. नाही दिसला तर कुरण खालच्या गावाच्या घशात. डोंगर जुना, कायदाही तेवढाच जुना. एके काळी सोरेलला चाळीस चुली पेटायच्या. मग तुरीन शहराच्या कारखान्यांनी पोरं नेली, खालच्या गावाने पोरी नेल्या, आणि उरली एकटी देल्फिना. सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र धारदार.

तिचा धाकटा दीर बास्तियान सोरेलचाच, पण लग्नानंतर खाली जाऊन बसलेला. गुरं वाढली तसा त्याचा कुरणावर डोळा. “वहिनी, कशाला एकट्या कुडकुडता? खाली या, ऊब आहे, माणसं आहेत,” असं तो दर हिवाळ्यात म्हणायचा.

“भाऊजी, तुमच्या उबेला कुरणाचा वास येतो,” ती म्हणायची.

यंदा नेमकं सणाच्या पहाटे कड्यावरचं बर्फ सुटलं. घर वाचलं, पण धुराडं गच्च भरलं. चूल पेटवली तर सगळा धूर घरातच. खोकून खोकून देल्फिना बेजार झाली. छपरावर चढायचं वय नव्हतं, शेजारच्या घरांची दारं बर्फाखाली. “संपलं,” ती म्हणाली, आणि जमिनीवर बसून ढसाढसा रडली. नवरा गेला तेव्हाही ती एवढी रडली नव्हती.

रडून झाल्यावर भूक लागली. फळीवर राय धान्याचा पाव होता, खालून आणलेला, दगडासारखा. दाताने तोडता तोडता ती थबकली. अगं बाई, भट्टी!

वाडीची पावभट्टी मधल्या खडकाच्या पोटात होती. तिथे बर्फ कधीच पोचायचं नाही. म्हाताऱ्यांनी जागा काय उगीच निवडली होती? पण एकटीच्या पावासाठी भट्टी कोण पेटवतं? कित्येक वर्षं ती थंड पडली होती. देल्फिनाने फावड्याने वाट काढली, वर्षभराची लाकडं ओढून आणली, तीही पुरेनात तेव्हा कोंबड्यांच्या खुराड्याचं दार फोडलं. भट्टी आधी रुसली, मग धुमसली, आणि घंटेच्या आधी धुराचा असा लोट उठला की तिने आनंदाने शिवी हासडली.

दुपारी बास्तियान खालच्या गावाच्या मेयरला घेऊन धापा टाकत वर आला.

“धूर दिसला खरा,” तो म्हणाला, “पण कायद्यात घराची चूल म्हटलंय, मेयरसाहेब. भट्टी काही कुणाचं घर नाही.”

मेयर डोकं खाजवू लागले. देल्फिनाने कमरेच्या फडक्याने भट्टीच्या कमानीवरची काजळी खसाखसा पुसली. दगडावर घराघराची खूण कोरलेली होती: कोयता, तारा, कोंबड्याचा पाय.

“हा कोयता कुणाचा, भाऊजी?”

“आमच्या बाबांचा,” बास्तियान पुटपुटला.

“आणि हे दाताळं?”

मेयरनी दाताळ्यावरून बोट फिरवलं. “माझ्या आईच्या घरचं.”

“मग? ही चाळीस घरांची चूल आहे. कोणी मेलं, कोणी खाली गेलं, पण खूण कोणी पुसून नेली नाही. एक धूर मोजायला आलात ना? चाळीस मोजा!”

मेयरनी टोपी काढली. “मोजले,” ते म्हणाले. “सोरेल जिवंत आहे, बास्तियान. कुरण वाडीचंच.”

देल्फिना भट्टीला टेकून हसत सुटली. तेवढ्यात उतारावरून हाका ऐकू आल्या. तापलेली भट्टी वाया घालवणं म्हणजे तिथे पापच. सोरेलहून खालच्या गावात लग्न करून दिलेल्या पोरींनी धूर पाहिला आणि पीठ मळायला घेतलं होतं. आता पाठीवर कणकेच्या परड्या, लाकडाचे भारे घेऊन त्यांची रांग चढत होती. सगळ्यांत पुढे बास्तियानची बायको मादलेना.

“जाऊबाई, भट्टी तापली का?” ती खालूनच ओरडली.

“तापली गं! या सगळ्या!” देल्फिना ओरडली, आणि दिराच्या हातात कुऱ्हाड ठेवली. “भाऊजी, बघत काय उभे? लाकडं फोडा. आज चाळीस घरांचा पाव व्हायचाय.”