डावीकडची खिडकी

"जा."

देश सोडताना उंबऱ्यात ऐकलेला थोरल्या जावेचा तो आवाज धाकटीच्या कानातून गेलाच नाही. तिनं रीतीप्रमाणे वाकून "येते हं, जाऊबाई" म्हटलं होतं. दारावर आलेल्या बोहारणीलासुद्धा त्या घरात "ये हो" म्हणत. आणि हिनं पाठ फिरवून नुसतं, "जा"!

परक्या देशात धाकटी रुळली. हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची, वाफेत उभी राहून स्वतःशीच गुणगुणायची:

जाऊ बाई जाऊ, तुझ्या नावातच जाणं
तुझ्या एका बोलापायी गोड लागेना गं खाणं

सुट्टीला ती नवऱ्याबरोबर किनाऱ्यावरची गावं हिंडायची. एकात दीपस्तंभ, एकात जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्या, एकात नुसता वारा आणि बंद दुकानं. थोरलीनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. ओट्यावरच्या भिंतीला तिनं कॅलेंडरातला समुद्र चिकटवला होता, फोडणीच्या धुरानं पिवळा पडलेला. म्हणून तर धाकटी प्रत्येक गावातून व्हिडिओ कॉल लावायची. बसथांबा दाखवायची, भिंत दाखवायची, नवऱ्याचं टक्कल दाखवायची.

"अगं, लाटा ऐकू येतायत. जरा फोन फिरव की!"

"उन्हात काही दिसायचं नाही, जाऊबाई."

फोन ठेवल्यावर नवरा म्हणायचा, "डूख धरावा तर तुझ्यासारखा. नागीण परवडली."

"नागिणीला कुणी 'जा' म्हटलं नव्हतं."

सासूबाई वारल्या, तशी थोरली मोकळी झाली आणि महिनाभर राहायला आली. टेबलाशी बसून सावकाश जेवायची. "बसून जेवणं म्हणजे काय सुख गं!" त्या घरात दोघी सुना ओट्याशी उभ्यानंच दोन घास गिळत, तेही सासूबाईंची हाक येईपर्यंत. धाकटीनं तिला बाजार दाखवला, लाँड्री दाखवली. समुद्राचं नाव निघालं की "पुढच्या सुट्टीला."

अशा सगळ्या सुट्ट्या सरल्या. विमानतळाची बस किनाऱ्याकिनाऱ्यानं जायची. समुद्र उजवीकडे, डावीकडे उघडे डोंगर.

"डावीकडे बसा हं," धाकटी गोड आवाजात म्हणाली. "ऊन लागत नाही."

थोरली पायरीवर चढली, वळली. "येते गं."

किती दिवस जपून ठेवलेला शब्द धाकटीनं बाहेर काढला. "जा."

 थोरलीला हसूच आलं.

"अगं बाई! तेव्हापासून धरून बसलीस होय? मागं सासूबाई कान देऊन उभ्या होत्या, काय बोलणार होते मी? 'ये' म्हटलं असतं तर आली असतीस तू परत. त्या ओट्याशी. म्हटलं, एक तरी सुटू दे."

दार मिटलं. काचेआडून थोरली शहाण्यासारखी डावीकडे वळताना दिसली. धाकटी बसबरोबर धावत सुटली, पत्र्यावर थापा मारत.

"जाऊबाई! उजवीकडे बसा, उजवीकडे! समुद्र तिकडं आहे!"