साखळीतल्या अकरा पट्ट्या

चोवीस डिसेंबर, दुपारचा एक वाजून वीस मिनिटं. आत्याने शिलाई मशीनचा खण उघडला, खाकी पाकीट उचललं आणि ते हलकं लागलं. आत बोट घालून पाहिलं. पाकीट रिकामं होतं.

त्यात तिच्या थोरल्या भावाने लिहिलेलं एक पान असायला हवं होतं. भाऊ मालवाहू जहाजावर आचारी. एप्रिलमध्ये निघण्याआधी त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं की बायको हयात नाही, आपण दीड वर्ष समुद्रावर असू, तोवर मुलगी बहिणीच्या ताब्यात राहावी. खाली सही आणि सहीवर साक्षीदाराच्या नावाचा, तारखेचा जांभळा शिक्का. ऑगस्टपासून भावाचा फोन आला नव्हता. तो एका बंदरात उतरला आणि जहाज सुटेपर्यंत परतला नाही, एवढंच कंपनी सांगत होती. त्यानंतर बालकल्याण कार्यालयाने मूळ कागद मागवला. नक्कल चालणार नाही, हे वाक्य पत्रात अधोरेखित होतं. मुदत चोवीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत. मग कार्यालय उघडणार ते दोन जानेवारीला, आणि तोवर कागद आला नसेल तर त्याच दिवशी मुलीला बालगृहात हलवणार.

पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. सणाचे कपडे शिवायला आले होते, म्हणून आत्या आज जाते, उद्या जाते करत राहिली.

"अहो, पाकिटातला कागद तुम्ही काढलात?"

तिचा नवरा बुक-बाइंडर. तो पुठ्ठ्याच्या चांदणीला दोरा ओवत होता. "तुझ्या खणाला मी हात लावेन? एकदा लावला तर टाचणी टोचली, वर बोलणी बसली ती वेगळीच."

"थट्टा नको. कागद नाहीये."

भिंगरी स्टुलावर उभी होती. भावाची मुलगी, वय आठ, एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव. कागदी साखळीचं टोक तिच्या हातात होतं.

"बाबाचा कागद ना? तो लावला की," ती म्हणाली.

"कुठे लावलास?"

तिने छताकडे बोट केलं.

त्या घरात नाताळची सजावट विकत आणत नसत. वर्षभरात घरच्यांच्या हातून लिहिले गेलेले कागद एका पिशवीत साठवायचे, डिसेंबरात त्यांच्या पट्ट्या कापायच्या, कोऱ्या बाजूला लाल-हिरवा रंग द्यायचा आणि अक्षर आत, रंग बाहेर ठेवून कड्या चिकटवायच्या. चिकटवण्याआधी पट्टीवरचं वाचून दाखवायचं. यंदाच्या साखळीत आत्याची मापं होती, बाइंडरच्या कामाच्या नोंदी होत्या, आणि बाइंडरच्या वडिलांनी रोज टिपलेला रक्तदाब होता. भिंगरी आल्यापासून त्यांना सगळे आजोबाच म्हणत. पोस्टात पत्रांची छाननी करून ते निवृत्त झाले होते.

भिंगरीचा हा इथला पहिला नाताळ. तीन दिवसांपूर्वी आत्याच तिला म्हणाली होती, "तुझ्या बाबाच्या हातचं काही असेल तर तेही लाव. तोही घरचाच आहे." मुलीकडे बापाच्या हातचं दुसरं काही नव्हतं. तो पत्र लिहीत नसे, फोन करत असे.

"पण तू वाचलं कसं नाहीस? आम्हाला कळलं असतं," आत्या म्हणाली.

"आजोबा म्हणाले, मोठ्याने नको असेल तर मनात वाच."

"म्हणालो खरा," आजोबा म्हणाले. "माझं वरचं एकशे साठ निघालं होतं. मलाच मोठ्याने वाचायचं नव्हतं."

आत्याने मशीनवरची कात्री उचलली आणि भिंगरीला उतरवून स्टूल ओढलं.

"कापू नकोस," बाइंडर म्हणाला. "जोडाखाली अक्षर असेल ते जाईल."

"मग काय करू? पाहत बसू?"

"वाफेने सुटेल."

"तुमची खळ शंभर वर्षं सुटत नाही म्हणता ना सगळ्यांना?"

त्याने किटली गॅसवर ठेवली.

साखळीत दोनशे बारा कड्या होत्या. बाहेरून सगळ्या सारख्याच, लाल किंवा हिरव्या. आत्या एकेक कडी वाफेवर धरी आणि बाइंडर हाडाच्या बोथट पट्टीने जोड उकले. आजोबा अक्षर पाहून घरच्यांच्या पट्ट्या तीन ढिगांत टाकत. आत्याकडे त्या पानाची झेरॉक्स होती, ती टेबलावर पसरली होती आणि भावाची पट्टी सापडली की तिच्यावर जागच्या जागी ठेवली जाई. पावणेतीनपर्यंत पाच सापडल्या. मुलीने नीट कापलं होतं, एकही ओळ चिरली नव्हती.

"शिक्क्याची पट्टी वाफेवर धरू नकोस," बाइंडरने दोनदा सांगितलं. "शाई फुटेल."

"आधी सापडू तर द्या!"

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी शेवटची कडी सुटली. झेरॉक्सवर दहा पट्ट्या होत्या. सगळ्यात खालची जागा रिकामी होती. सही आणि शिक्का त्याच पट्टीवर होते.

आजोबांनी तिन्ही ढीग पुन्हा चाळले. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं आणि त्यांचे हात अजून भरभर चालत. "नाही," ते म्हणाले. "चुकीच्या ढिगात नाही, खाली पडलेली नाही. ती साखळीत गेलीच नव्हती."

सगळ्यांनी भिंगरीकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती. दोन तास ती एका जागी उभी होती, हे तेव्हा लक्षात आलं.

"कुठे आहे?" आत्याने विचारलं.

भिंगरीने पाठ चौकटीला आणखी घट्ट लावली.

"भिंगरी, साडेतीन होताहेत. कुठे आहे?"

आत्याचा हात वर गेला. बाइंडर "अगं" एवढंच म्हणाला. हात खाली आला आणि आत्या फरशीवर बसली. "तुझ्या पाया पडते, बाळा. वाटेल ते माग. ती पट्टी दे."

"तुम्ही तो कागद देऊन टाकणार."

"द्यायलाच हवा."

"त्यात लिहिलंय, ताबा देत आहे. मी वाचलं. दिला की दिला. मग बाबा आला तर त्याला मी परत मिळणार नाही."

"असं नसतं गं."

"बाबा येणार आहे का?"

आत्याने नवऱ्याकडे पाहिलं. तो किटलीकडे पाहत होता. चार महिने या घरात या प्रश्नाला हो म्हटलं जात होतं.

"मला माहीत नाही," आत्या म्हणाली. "कोणालाच माहीत नाही. पण आला तर तो कुठे येईल? इथेच ना? तू इथे नसलीस तर मी त्याला काय तोंड दाखवू?"

भिंगरी खाली बसली आणि तिने उजवा पायमोजा काढला. पट्टी तळव्याला चिकटली होती. तीन दिवस ती तिथेच होती.

"बापाला पायाखाली ठेवलंस होय," आजोबा म्हणाले. मग ते चष्मा पुसत बसले.

सही वाचता येत होती. शिक्का अर्धा फुटला होता. त्यातली तारीख दिसत होती, साक्षीदाराच्या नावाचा जांभळा डाग झाला होता.

बाइंडरने अकराही पट्ट्या पातळ कागदावर जोडल्या. एरवी असं काम तो रात्रभर वजनाखाली ठेवतो. आज पंधरा मिनिटंही नव्हती. चार वाजून पाच मिनिटांनी त्याने ओलं पान दोन पुठ्ठ्यांमध्ये घातलं. आजोबा घरी थांबले, न जाणो फोन आला तर. बसमध्ये बाइंडरने पुठ्ठे मांडीवर आडवे धरले होते. शेजारचा प्रवासी म्हणाला, "केक का? जपून न्या हो."

"हो," बाइंडर म्हणाला.

चार वाजून चाळीस मिनिटांनी ते कार्यालयाच्या खिडकीशी होते. खिडकीवरच्या बाईंनी वरचा पुठ्ठा उचलला.

"हे काय आहे?"

"मूळ कागद," आत्या म्हणाली.

"हा?" बाईंनी कोपरा उचलून मागून पाहिलं. पातळ कागदातून मागची बाजू लालभडक दिसत होती. "तुकडे कोणी केले?"

आत्याने तोंड उघडलं, पण आधी भिंगरी बोलली. "मी. साखळीसाठी."

"आणि शिक्का?"

"तो माझ्या पायाने झाला."

बाईंनी वरचा पुठ्ठा पुन्हा जागेवर ठेवला. मग आत्याला म्हणाल्या, "साहेब आहेत अजून. पण हा कागद ते मूळ म्हणून धरतील की नाही, मी सांगू शकत नाही. उगाच आशा लावत नाही."

"ओला आहे," बाइंडर म्हणाला. "आडवाच न्या. मोडू नका, एवढं करा."

चार वाजून एकोणपन्नास मिनिटांनी त्या पुठ्ठे घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दार लागलं.

बाहेरच्या बाकावर तिघं बसली. भिंतीवर विकत आणलेली चकचकीत साखळी टांगली होती. भिंगरीने उठून तिची एक कडी बोटाने उघडून आत पाहिलं आणि परत येऊन बसली.

"काय पाहिलंस?" आत्याने विचारलं.

"आत कोणीच काही लिहिलेलं नाही."

पाच वाजता रखवालदाराने बाहेरचं शटर अर्धं ओढलं. त्याने बाकाकडे पाहिलं, किल्ल्या खिशात टाकल्या आणि तो तिथेच उभा राहिला. बाहेरच्या खोलीतले दिवे त्याने मालवले. आतल्या खोलीच्या दाराखाली उजेड होता. पाच वाजून सहा मिनिटांनी आत फोन वाजला आणि कोणीतरी उचलला. बोलणं ऐकू येत नव्हतं. दार उघडलेलं नव्हतं.