मशीनला पांघरूण

बेलवलीच्या दत्तमंदिरात कीर्तन असलं की विष्णुपंत पहिल्या रांगेत, बुवांच्या अगदी समोर. मागचे म्हणत, "पंतांची भक्तीच तशी." भक्ती होतीच, ती देवालाही ठाऊक. पण समोर बसलं की बुवांचे ओठ दिसतात, हे फक्त त्यांच्या बायकोला आणि मुलीला ठाऊक होतं. आनंदनगरच्या एका कारखान्यात प्रेसशॉप, म्हणजे पत्रा ठोकणाऱ्या मशिनींचं खातं, सांभाळण्यात पंतांची सगळी नोकरी गेली आणि त्या धडधडीत कानही गेले. लोकांनी टाळी धरली की ते धरत, लोक हसले की जरा मागून हसत. कानाचं यंत्र आणलेलं होतं, ते कपाटात. "देवापुढे कानात बोळा घालून बसू?" म्हणत.

मुलगी चैत्राली उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांकडून कात्रणं आणायची आणि चिखलोलीच्या भाड्याच्या गाळ्यात ती दाबून जाड गाद्या करायची. धडधडत्या मशीनभोवती त्या उभ्या केल्या की आवाज कितीतरी खाली येई. आता काम वाढवायचं तर भांडवल हवं होतं. नाही मिळालं तर गाळा सोडून नोकरी धरायची, असं तिने आईला सांगून ठेवलं होतं. अंबरनाथच्या एका सभागृहात गुंतवणूकदार येणार होते. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं.

तालमीत ती तीन मिनिटं कात्रणांच्या जातीतच संपली. गुंतवणूकदारांपुढे कसं बोलायचं ते शिकवणारा विक्रांत हसून म्हणाला, "मॅडम, ये सब बाद में. आधी एक वाक्य द्या."

घरी येऊन ती बाबांसमोर कुरकुरली. पंत तिच्या ओठांकडे बघत होते.

"अगं, बुवा काय करतात? अभंगाचा एक चरण धरतात. पूर्वरंग, आख्यान, सगळं त्याच्यावर उभं. तो सुटला तर दीड तास नुसती घसाफोड. तुझा चरण कुठाय?"

चैत्रालीने वही ओढली. मग तिने लिहिलं, 'माझे बाबा प्रेसशॉपमध्ये बहिरे झाले. मी त्या मशिनींना पांघरूण शिवते.' विक्रांतला फोनवर वाचून दाखवलं, तर तो ओरडलाच, "बस! यही! बाकीचं यातून आपोआप येतं."

पंतांनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"मला यातून काढ."

"बाबा, तुम्हीच म्हणालात ना, चरण धर म्हणून?"

"तिथे आनंदनगरचे लोक असणार. आपल्या मंडळातलेही असतील. उद्या देवळात माझ्याशी हातवारे करून बोलतील."

"अहो, पोरीचं बघा की जरा!" मालिनीबाई म्हणाल्या.

"काढ म्हणतो ना!"

चैत्रालीने ते खोडलं.

सभागृहात आई-बाबाही येऊन बसले होते. ती नेटकं बोलली. 'औद्योगिक आवाजावर टाकाऊ कापडातून उपाय.' तीन मिनिटांच्या आत संपवलं. समोरच्या रांगेतल्या एक गुंतवणूकदार बाई हसून म्हणाल्या, "वस्तू चांगली आहे. पण गादी कुणीही करेल. तुम्हीच का?"

चैत्रालीने बाबांकडे पाहिलं. तेच वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं.

पंतांना दिसलं ते एवढंच, की बाई हसल्या, थांबल्या आणि पोर आपल्याकडे बघतेय. त्यांना वाटलं, पार पडलं. त्यांनी दोन्ही हात उंच धरून, नामघोषाला वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. सभागृहात खसखस पिकली.

"कारण..." चैत्राली अडखळली. "आमचा रेट सगळ्यात कमी आहे."

बाईंनी मान डोलावली आणि पुढच्याला बोलावलं.

रिक्षात पंत खुशीत होते. "काय म्हणाली गं ती?"

"छान म्हणाली, बाबा."

खरं काय ते मालिनीबाईंनी घरी सांगितलं, समोर बसून, सावकाश. पंतांनी बाईंचा तो प्रश्न त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतला.

"चैतू, लाव फोन त्या विक्रांतला," ते सकाळी म्हणाले. "मी येतो. मीच सांगतो त्यांना."

"त्यांनी दुसऱ्यांना पैसे दिले, बाबा. असू दे."

ती चिडली नाही. चिडून ओरडली असती तर निदान ऐकू तरी आलं असतं, असं त्यांना वाटलं.

गाळा सुटला. चैत्राली आनंदनगरला एका कंपनीत तपासणी खात्यात लागली. तिचं टेबल प्रेसशॉपच्या भिंतीला लागून आहे, हे पंतांना नंतर कळलं.

पुढच्या कीर्तनात पूर्वरंग संपला, बुवांना हार घातला गेला. बुवांनी नेहमीसारखं विचारलं, "काय पंत, आज कसं वाटलं निरूपण?"

पंत उठून उभे राहिले. "बुवा, मला ऐकू येत नाही. कित्येक वर्षं. प्रेसशॉपमध्ये गेले कान."

पेटीवाल्याचा हात थांबला. शेजारी बसलेल्या राजेंद्रचे ओठ हलले. तोही आनंदनगरचाच, दुसऱ्या कारखान्यातला.

"इकडे तोंड करून बोल रे," पंत म्हणाले.

"म्हटलं, माझाही डावा गेलाय, पंत. घरी नाही सांगितलं."

"काय म्हणतायत हो?" मागून हरिचंद्र कानाला हात लावून पुढे वाकला.

पंतांनी बायकांच्या बाजूला वळून चैत्रालीला शोधलं. मालिनीबाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. कंपनीत तिची दुसरी पाळी होती.