मोरेनिकेची साक्ष

नायजेरियात, इबादानच्या आमच्या चर्चमध्ये माणूस बरा होण्याआधीच बरा झाल्याची साक्ष देतो. माझी बायको मोरेनिकेही माईकपुढे उभी राहून म्हणाली होती, "छातीतली गाठ गेली." गाठ होती तिथेच होती. पण साक्ष दिल्यावर दुखण्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं तर ते पुन्हा अंगात शिरतं, असं पास्टर सांगतात.

पुढचे आठ महिने मी "कशी आहेस?" विचारायचो आणि ती "धडधाकट" म्हणायची. जखमेची फडकी मी धुवायचो, तेव्हाही धडधाकटच. मी सरकारी दवाखान्यातून तिच्या नावाचा केसपेपर काढून आणला. तो बघून म्हणाली, "सगळ्यांसमोर देवाला खोटं पाडू का?" केसपेपर कोराच राहिला.

तिला पुरल्यानंतरच्या रविवारी उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानायची प्रार्थना होती. पास्टर अदेगोके मला बाजूला घेऊन म्हणाले, "रोंकेचे बाबा, चार शब्द बोला. ती बरी झाली होती, मग देवाने तिला विश्रांतीला बोलावलं. एवढंच."

"आणि नाही बोललो तर?"

"तर लोक म्हणतील, तिचा विश्वास कमी पडला. चालेल तुम्हाला?"

नाही चालणार, हे त्यांना ठाऊक होतं. मी साक्ष देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

माझ्या मागे दारेची आई होती; आमच्याकडे आईबापांना पोरांच्याच नावाने ओळखतात. बाजारात मिरची दळून देते, मोरेनिकेची मैत्रीण. "कॉलर बघा कशी झालीय," ती म्हणाली. "मोरेनिकेने वरून पाहिलं तर शिव्या मलाच घालेल." तिने उजव्या हाताने कॉलर सारखी केली. डावा हात अंगाशी घट्ट धरलेला होता. मोरेनिके तसाच धरायची.

"हाताला काय झालं?"

"कुठं काय! धडधाकट आहे."

माझी पाळी आली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'इथे कुणी आजारी राहत नाही.' जणू मला तेवढंच वाचून दाखवायचं होतं.

"माझ्या बायकोला छातीचा कॅन्सर होता," मी म्हणालो. "शेवटच्या दिवसापर्यंत होता. तिचा विश्वास तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त होता. म्हणूनच ती दवाखान्यात गेली नाही."

सगळ्यांनी डोक्यावरून हात फिरवून चुटक्या वाजवल्या, माझे शब्द अंगाला चिकटू नयेत म्हणून. पुढचं बोललो ते मलाच ऐकू आलं नाही. माईक बंद झाला होता. ढोल सुरू झाला. कुणीतरी माझा दंड धरून मला खाली उतरवलं.

माईक पुन्हा चालू झाला तेव्हा तो दारेच्या आईच्या हातात होता. ती माझ्याकडे बघत होती. पास्टर म्हणाले, "बोल, बाई, बोल!"

"मी धडधाकट आहे," ती म्हणाली.

"हॅलेलुया!" सगळ्यांचे दोन्ही हात वर गेले. तिचा एकच गेला.

मी बाहेर अंगणात येऊन बसलो. थोड्या वेळाने ती आली, डोक्याचं फडकं एका हाताने चाचपत, दुसरीकडे बघत.

"केसपेपर कुठल्या खिडकीवर काढतात?"

"आत शिरल्यावर डावीकडे. सातला रांग लागते. मी येतो बरोबर."

"हळू बोला हो," ती म्हणाली. "आत्ताच साक्ष दिलीय मी."