स्वरूपाला हात लावायचा नाही

स्वरूपाला फिट आली की मी आधी तिच्याकडं झेप घ्यायचे. डोकं मांडीवर घ्यायचं, मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबायचा, तोवर शेजारची फुलाबाई चप्पल घेऊन नाकाशी हजर. आणि बारामतीच्या त्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणे, हात लावायचा नाही. लांब उभं राहायचं, पडून लागेल असं काही जवळ असलं तर तेवढं बाजूला सारायचं आणि मोबाईल चालू ठेवायचा. मी तिथंच भडकले.

"पोरगी कुणाची हाय? माझी का त्या मशीनची?"

"तुमचीच," त्या म्हणाल्या. "पण मावशी, तुम्ही आणलेल्या व्हिडिओत तुमच्या पाठीशिवाय काही दिसत नाही."

ते मात्र खरं होतं. आमच्या मालकांनी, जोतीरामांनी, काढलेल्या व्हिडिओत माझी पाठ होती, फुलाबाईचा हात होता आणि चप्पल होती. पोरगी कुठंच नव्हती.

स्वरूपाच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. माळेगावला ऊसवाल्यांच्या घरात दिली. जावई अविराज एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला, घरी ट्रॅक्टर, आम्ही दोडक्याच्या मांडवाखाली आयुष्य काढलेली माणसं हरखूनच गेलो. दिवाळीनंतर फिट सुरू झाल्या. मग एक दिवस विहीणबाई शकुबाई तिला इंदापूरला आमच्या दारात सोडून गेल्या. "मिरगीची पोरगी गळ्यात मारली तुमी. मिरगी न्हाय म्हणून डाक्टरनं सांगितलं तर नेऊ, न्हायतर ठेवा जन्मभर."

लग्नाआधी माझ्या पोरीला साधी चक्कर आली नव्हती. पण ऐकतंय कोण? आधीच्या डॉक्टरनं गोळ्यांवर गोळ्या दिल्या. पोरगी दिवसभर गुंगीत, बोलताना लाळ गळायची, आणि फिट आपल्या चालूच. तिच्यावरचा तो शिक्का पुसून तिला परत नांदायला पाठवायचं, एवढंच मला दिसत होतं. त्यासाठी मी देवाच्या पायाशी गेले असते, तसंच मशीनच्याही.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. त्यांच्या कॉम्प्युटरातला एआय फिटचा व्हिडिओ बघतो. डोळे, मान, हात कसे हलतात ते शेकडो लोकांच्या फिटशी ताडतो आणि ही मिरगी वाटते की दुसरं काही, ते सुचवतो.

"आणि चुकला तर?" मी विचारलं.

"चुकतो कधी कधी. म्हणून तर मी बसलेय. तिच्या डोक्याला तारा लावून मीही बघणार आहे."

आमचं मशीन चुकतच नाही असं त्या म्हणाल्या असत्या, तर मी सरळ उठून एसटी धरली असती.

व्हिडिओत फिटची सुरुवातही हवी होती. म्हणून रोज दुपारी स्वरूपा माझ्याशेजारी दोडकी निवडायला बसली की मी मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवून चालू करायचे. ती उदास दिसली की समजूत काढायचे. पहिल्याच दिवशी ती मागं कलंडली. अंग थाडथाड उडायला लागलं. फुलाबाई धावत आली, तिला मी दारातच अडवलं. माझेच हात आवरेनात, तेव्हा मी ते काखेत दाबून धरले. पोटची पोर फरशीवर तडफडतेय आणि मी आपली बघत उभी! त्या मशीनला मी तोंडाला येईल ती शिवी दिली. ती व्हिडिओत आली असेल, येऊ दे.

पण त्या दिवशी पहिल्यांदा फिटमध्ये तिचं तोंड मला नीट दिसलं. डोळे घट्ट मिटलेले, मान नाही-नाही म्हटल्यासारखी हलत होती आणि ती रडत होती.

असे तीन व्हिडिओ झाले. तारा लावून तपासणी झाली. दवाखान्यात जोतीरामांना बाहेर बसवून डॉक्टरीणबाईंनी आम्हा मायलेकींना आत घेतलं.

"ही मिरगी नाही," त्या म्हणाल्या. "एआय तसं म्हणतोय, आणि मलाही तपासून तेच वाटतंय."

मी हातच जोडले. मग एकदम शंका आली. "म्हंजे नाटक करती म्हणतंय व्हय ते?"

"अजिबात नाही. झटका खराच आहे, तिच्या हातात नाही तो. मनावरचं ओझं असं अंगातून बाहेर पडतं. गोळ्या आपण हळूहळू कमी करू." त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवला. "झटका कुठं सुरू होतो तिथं एआयनं खूण केलीय. मी फक्त त्याच्या आधीचं ऐकलं. तुम्हीही ऐका."

खुणेच्या आधी माझाच आवाज होता. "रडू नगं बाय, रिपोर्ट चांगला आला की अविराज न्यायला येत्यात." दुसऱ्या व्हिडिओत, "लवकर बरी हो, नांदायला जायाचंय तुला." तिसऱ्यातही तेच. मी धीर द्यायचे आणि माझी पोर कोसळायची.

मी स्वरूपाकडं बघितलं. ती फरशीकडं बघत बोलली, "ड्यूटीला जाताना ते खोलीला भायरनं कडी घालत्यात. आल्यावर कडी काढायच्या आधी कमरंचा पट्टा काढत्यात. आवाज येतो मला. सासूला सगळं म्हाईत हाय."

मला बसवेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिला तिकडं पाठवू नका, तक्रार करायची तर मी सोबत येते. मी मान डोलावली, पण माझं डोकं पुढं पळत होतं. आमच्या घरात पोरीच्या अंगावरचा मार कुणी मोजत नाही. मिरगी नाही एवढं कळलं की मालक तिला परवाच गाडीत बसवतील. चार पाव्हणे येतील, म्हणतील, भांडणं कुठं नसतात? चांगला रिपोर्ट हाच तिच्या गळ्याचा फास होता.

बाहेर आले तर मालक दारातच होते. दार लागता लागता 'ही मिरगी नाही' तेवढंच त्यांना ऐकू गेलं होतं. तोंडभर हसत त्यांनी फोनही लावला होता. "जावईबापू, मशीनचा निकाल आला बघा..."

मी फोन हिसकावून घेतला.

"मिरगीच हाय," मी म्हणाले. "लई जुनी हाय, बरी व्हायची न्हाय. लग्नाआधीपासनं हुती, आमी लपवली. सांगा जा साऱ्या गावाला."

पलीकडून अविराज जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाला, ठेवा तुमच्याकडंच, आणि फोन कापला.

मालक माझ्याकडं बघतच राहिले. "अगं, मशीन तर न्हाय म्हणतंय!"

"मशीन खरंच बोलतंय," मी म्हणाले. "खोटं मी बोलले."

स्वरूपा बाकावर बसली होती. तिला थरथर सुटली. तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही, सरळ जाऊन तिला मिठीत घेतलं.