मालसून आजीने घेतलेले माझे माप

मी एक जुना ट्रॅम्पोलिन आहे. कोरियातल्या कुन्सान शहराच्या मासळी बाजारामागे, एका अंगणात माझा मुक्काम असतो. पोरे मला 'बांगबांग' म्हणतात. मित्रांनो, एके काळी शाळा सुटली की माझ्याशेजारी बुटांचा ढीग पडे आणि मोज्यांतले पाय माझ्यावर धुडगूस घालत.

पुढे माझे कापड उन्हाने विरून फाटले. स्प्रिंगा गंजल्या. अंगण ओस पडले. भंगारवाला दोकबे तेवढा दाराशी गाडी थांबवू लागला.

"मालसून ताई, टाकू का ह्याला गाडीत?"

"तुझ्या गाडीपेक्षा धड आहे तो! नवं सामान मागवते. नाही बसलं तर ने."

माझ्या लोखंडाला धडकी भरली.

मालसून आजी माझी मालकीण. तिने जन्मभर हानबोक, म्हणजे सणासुदीचे घोळदार कपडे शिवले. शिवणाची टेप घेऊन ती आली. स्प्रिंग माझ्या लोखंडी कड्यात ताणलेली असतानाच तिने मापली. कापडाच्या मापात दोन बोटे माया, म्हणजे जादा कापड, वाढवली. वाढत्या पोरांच्या कपड्यांत ती नेहमीच तशी ठेवी.

नवे सामान आले आणि चटकन बसलेही. आजी खूश होऊन वर चढली, ती थेट जमिनीवर टेकली!

"ताई, ही तर झोळी झाली!" दोकबे पोट धरून हसला. मग माझी कड पकडून म्हणाला, "आता नेऊ ना?"

"हात काढ!" आजी झोळीतूनच ओरडली. "चूक माझी आहे, त्याची नाही. माणसाला कपडा सैल लागतो. ह्याला ताण लागतो."

या वेळी तिने वापराने न लांबलेली जुनी स्प्रिंग शोधून ती मोकळी ठेवली आणि एका टोकाच्या आकड्यापासून दुसऱ्या टोकाच्या आकड्यापर्यंत मापली. इतक्या वर्षांच्या उड्यांनी माझे कडे जरा वाकले होते, म्हणून ते आडवे मापले, उभेही मापले. माया एका बोटाचीही ठेवली नाही.

या मापाने पुन्हा स्प्रिंगा आणि कापड मागवले. हे दुसरे कापड बसवताना दोकबे घामाघूम झाला.

"फार आखूड आहे हो, ताई!"

"आखूडच हवं. ओढ मुकाट्याने!"

शेवटची स्प्रिंग अडकली आणि माझे अंग पुन्हा ताठ झाले. शेजारची बोमी बूट भिरकावून चढली, उडाली आणि किंचाळली, "आजी, तुझं छप्पर दिसतंय!"

मित्रांनो, तुमच्या अंगणात माझा कुणी भाऊबंद फाटून पडला असेल, तर त्याला लगेच भंगारात काढू नका. आधी त्याच्या अंगावरचा ताण उतरवा आणि मग त्याचे माप घ्या. तुमच्या सवयीचे नको, त्याचेच घ्या.