शेवटच्या टोकावरचा बर्फ

माझ्या नवऱ्याची, क्लोव्हिसची, नजर काचबिंदूनं गेली त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि माझा खुबा नुकताच बदलला होता. म्हणजे त्या जानेवारीत आमच्या घरात माणसं दोन, पण धड पाय एकाचे आणि धड डोळे दुसरीचे.

आमचं घर पॉइंट मलानला, लुईझियानाच्या पार खालच्या काठावर. आमच्यापुढे रस्ता नाही, आखातच. सगळी घरं उंच खांबांवर, खाली ट्रक, मागे खाडी. इथं बर्फ म्हणजे कोळंबीच्या पेटीत टाकायचा. आभाळातून पडलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही चिमूटभर.

क्लोव्हिसला हवामानाचं वेड. बोटीवर होता तेव्हापासून रोज सकाळी पाऊस मोजायचा, आणि किनाऱ्यावरच्या त्याच्यासारख्याच चक्रमांना कळवायचा. पुढे त्यांचा फोनवर ग्रुप झाला. शाळेची बस चालवणारी मार्वा तो सांभाळायची. डोळे गेले तेव्हा क्लोव्हिसनं मोजणं सोडलं. ग्रुपमधून त्याला कुणी काढलं नाही, पण काही विचारतही नव्हतं. फोन त्याला सगळे निरोप मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि हा खुर्चीत बसून ऐकायचा. ते ऐकणं मला बघवत नसे.

त्या आठवड्यात हवामान खात्यानं सांगितलं, बर्फ येतोय, आणि चांगला येतोय. ग्रुप वेडापिसा झाला. कुणी बर्फ मोजायला फळी पांढरी रंगवतोय, कुणी पट्टी शोधतोय. तेवढ्यात मार्वाचा निरोप आला: "पूल बंद होणार, म्हणजे खाली कुणाला जाता येणार नाही. पॉइंट मलानची जागा नकाशावर रिकामी ठेवू. मिस्टर क्लोव्हिस, तुम्ही घरातच थांबा हं. आम्हाला तुम्ही हवे आहात, आकडा नको."

क्लोव्हिसनं फोन टेबलावर आपटला. "रिकामी! आपल्यापुढे नुसतं पाणी आहे, अझेली. आपण रिकामी ठेवली तर पुढे कुणीतरी म्हणेल, तिथे काही पडलंच नव्हतं."

"म्हणू दे. तेव्हा आपण कुठे ऐकायला असणार?"

"मी ऐकेन."

"जिना उतरलास तर मी तुला परत वर घेणार नाही, सांगून ठेवते."

"वर घ्यायला तुला खाली यावं लागेल. ते तुला जमत नाही."

त्यानं सायप्रसची एक पट्टी घेतली आणि चाकूनं खाचा पाडायला बसला. इंचाला खोल खाच, अर्ध्या इंचाला उथळ. माझ्याकडून शिंप्याची पट्टी धरवून घेतली आणि प्रत्येक खाच अंगठ्यानं तपासली. संध्याकाळी जिन्याच्या पायथ्यापासून अंगणातल्या खुंटापर्यंत बोटीचा दोर ताणला आणि खुंटाशी पांढरी फळी मांडली. मी व्हरांड्यातून बघत होते. म्हटलं, होईल तेव्हा बघू.

सकाळी पत्र्यावर तडतड सुरू झाली. थोड्या वेळानं ती थांबली.

"संपलं तुझं वादळ," मी म्हटलं.

"संपलं नाही. आता खरा बर्फ सुरू झाला. बघ बाहेर."

बघितलं तर शेजारच्या बोटी दिसत नव्हत्या. इतका दाट, आणि आवाज म्हणून नाही.

ग्रुपवर निरोपांची झुंबड उडाली. टेक्सासच्या हद्दीपासून एकेक जण कळवत होता: आमच्याकडे सुरू झाला, आमच्याकडे गवत झाकलं, आमच्याकडे कुत्रा बाहेर जायला तयार नाही. फोन आपल्या सपाट आवाजात सगळं वाचत होता. दुपारी क्लोव्हिस उठला. मीच त्याला कानटोपी घातली आणि वरून मफलर करकचून गुंडाळला.

पट्टी काखेत, एका हातात काठी आणि दुसऱ्यात दोर धरून तो फळीपर्यंत नीट गेला. पट्टी रोवली, अंगठा फिरवला. "सहा आणि थोडं वर!" तो ओरडला. वॉकर ढकलत कठड्याशी आलेली मी ओरडले, "आता ये वर!"

"वारा उडवतोय! एका जागेचा आकडा खोटा पडेल. तीन जागांची सरासरी घ्यायला हवी!"

आणि त्यानं दोर सोडला.

एरवी आमच्या अंगणात तो काठीशिवायही फिरतो. पायाखाली शिंपल्यांची वाट करकरते, शेजारच्या धक्क्यावर झेंड्याची कडी किणकिणते. त्या दिवशी वाट गाडली गेली होती आणि कडी गोठली होती. वारा घरांच्या मधून घिरट्या घेत होता, कधी तोंडावर, कधी पाठीवर. तो एकदा वळला. पुन्हा वळला. मग ठाम पावलं टाकत निघाला तो थेट खाडीकडे.

"क्लोव्हिस! थांब!"

एवढ्या लांबून त्याला ऐकू गेलं नाही. कान मीच बांधून ठेवले होते. गंबोचं, म्हणजे आमच्याकडच्या कोळंबीच्या रश्श्याचं, पातेलं आणून मी डावानं बडवलं. तो चालतच राहिला. खाडीचं पाणी काळं दिसत होतं आणि काठ कुठे संपतो ते मलाही कळत नव्हतं. मग दाराशी टांगलेली ट्रकची किल्ली दिसली. तिचं लाल बटण मी दाबून धरलं, आणि घराखालचा ट्रक बोंबलायला लागला.

क्लोव्हिस जागच्या जागी थिजला. मफलर ओढून काढला, कानटोपी काढली.

"अझेली! बंद कर ते! काही ऐकू येत नाहीये!"

मी बंद केलं. "तुझ्यापुढे दोन पावलांवर खाडी आहे," मी म्हटलं.

त्यानं हातातली काठी पुढे सरकवली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तिला काही लागलंच नाही. त्यानं ती हळूच मागे घेतली. केसांवर बर्फ साचत होता.

"दोन जागा राहिल्यात," शेवटी तो म्हणाला. पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

मी रडत होते आणि संतापलेही होते. मी वर ये म्हटलं असतं तर तो त्या वेळी निमूट आला असता. आणि मग पुन्हा कधी खाली उतरला नसता, अंगणात काय नि कुठे काय. चाळीस वर्षांचा संसार, मला तेवढं कळत होतं.

"मागे वळ," मी ओरडले. "अजून. बस. आता सरळ ये."

"किती?"

"मी सांगते तोवर! डावीकडे!"

"तुझं डावं की माझं?"

"बोटीचं डावं, मूर्खा!"

बोट धक्क्याला लावताना तो मला असाच ओरडून सांगायचा. त्या दिवशी मी त्याला अंगणभर फिरवलं. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला नऊ इंच निघाले, मोकळ्यावर सात. मग मी त्याला जिन्याशी आणलं आणि तो कठडा धरून वर आला. हात निळे पडले होते. मी गंबो गरम केला. त्यानं आधी आकडे बोलून पाठवले, मगच चमचा उचलला.

मग ग्रुपमधल्या हडसन नावाच्या एकाचा निरोप आला: "पट्टी कुणी वाचली?"

"अंगठ्यानं," क्लोव्हिसनं उत्तर दिलं, आणि खाचा कशा पाडल्या तेही सांगितलं.

थोड्या वेळानं हवामान खात्यातल्या एका बाईंचा फोन आला. कुठे मोजलं, घरापासून किती लांब, वारा कसा, सगळं त्यांनी बारकाईनं विचारलं. म्हणाल्या, "नोंद घेते, पण स्पर्शानं मोजलं असा शेरा लिहावा लागेल."

"लिहा की. रिकामं नको, एवढंच."

मार्वानं नकाशा पाठवला. मी त्याला सांगितलं, अगदी खाली, पाण्याला लागून, सात लिहिलंय.

"सात आणि थोडं, असं हवं होतं," तो म्हणाला.

पुन्हा हडसनचा निरोप: "मिस्टर क्लोव्हिस, अंधार पडायच्या आत परत माप घेणार का?"

"टोमणा मारतोय का गं?"

"नाही रे. विचारतोय."

तो परत खाली उतरला, उघड्या कानांनी. मी वरून ओरडत राहिले.

बर्फ दोन दिवसांत वितळला, पण रोजची मोजणी पुन्हा सुरू झाली ती चालूच आहे. माझा वॉकर सुटल्यापासून पावसाची नळी मी वाचते आणि आकडा तो कळवतो. काल मी पाऊण इंच म्हटलं.

"पाऊण, की पाऊणच्या जवळपास?"

मी चप्पल घातली आणि पुन्हा खाली गेले.